शीप्स हेडच्या लूप वाटा (वेस्ट कॉर्क, आयर्लंड) : अनुभव, माहिती, प्रश्न

भोरवाली :

कॉर्कमधल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटात मे महिना उजाडला की तोच प्रश्न येतो. "आई-बाबा येतायत, कुठे न्यावं?" उत्तरंही ठरलेली असतात. मोहेरचे कडे, किलार्नी, रिंग ऑफ केरी. सगळं सुंदरच आहे, पण गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा गाडीत बसायचं असं होतं. आम्ही गेली तीन वर्षं शीप्स हेडला जातोय आणि मला ती जागा इतकी आवडते की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

नकाशात आयर्लंडचा नैऋत्य कोपरा बघा. समुद्रात पाच बोटं घातल्यासारखी पाच द्वीपकल्पं दिसतील : डिंगल, इव्हेरा, बेरा, शीप्स हेड आणि मिझेन. त्यातलं सगळ्यात बारीक बोट म्हणजे शीप्स हेड. उत्तरेला बँट्रीचा उपसागर, दक्षिणेला डनमॅनसचा. वाळूच्या दगडाच्या समांतर डोंगररांगा आणि मधल्या दऱ्या समुद्राची पातळी वाढल्यावर पाण्याखाली गेलेल्या, म्हणून हे असं. मधल्या धारेवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. सर्वात उंच डोंगर सीफिन, ३४५ मीटर. आकडा बघून आपल्याला हसू येईल, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि वारा सह्याद्रीतल्यासारखा अधूनमधून येत नाही, तो तिथेच राहायला असतो.

बँट्रीहून निघून टोकापर्यंत जाऊन परत बँट्रीला येणारी मोठी वाट आहे, शीप्स हेड वे, नव्वदेक किलोमीटरची. १९९६ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. पण मला सांगायचंय ते तिच्यातूनच काढलेल्या छोट्या लूपबद्दल. असे वीसेक लूप आहेत. जिथे गाडी लावली तिथेच परत येता, आणि कुणीही गाइड लागत नाही. मोठ्या वाटेच्या काळ्या खांबांवर पिवळा चालणारा माणूस आणि बाण असतो. लूपचे बाण वेगळ्या रंगाचे असतात. सुरुवातीला फलक असतो, त्यावर नकाशा, अंतर, लागणारा वेळ आणि कुठल्या रंगामागे जायचं ते लिहिलेलं असतं. तो रंग लेकीला पाठ करायला सांगते. ती नऊ वर्षांची आहे आणि पुढचा खांब शोधायचं काम तिचं.

पहिल्यांदा जाणार असाल तर दीपगृहाचा लूप करा. डरस गावाहून अहाकिस्ता, किलक्रोहेन ही गावं करत रस्ता जिथे संपतो तिथे टूरीनचं पार्किंग आहे. तिथून साधारण ४ किलोमीटर. आम्हाला दोन तास लागतात, कारण आम्ही बसतो. थोडं खडकाळ, थोडं चिखलाचं, मग लॉख अकीन नावाचं छोटं तळं. पाणी काळपट आणि इतकं स्थिर की पलीकडचा डोंगर त्यात उलटा टांगलेला दिसतो. त्यानंतर वाट टोकाकडे जाते आणि एकदम खाली, कड्याच्या पोटात पायऱ्यांनी उतरून ते पांढरं दीपगृह दिसतं. ते जुनं नाही, १९६८ चं आहे. बँट्रीच्या उपसागरात व्हिडी बेटावर तेलाचं टर्मिनल झालं, तिथे येणाऱ्या महाकाय टँकरांना वाट दाखवायला बांधलं. सामान हेलिकॉप्टरने आणावं लागलं. जागा बघितली की का ते लगेच कळतं. परतीची वाट उत्तरेच्या कड्यांजवळून येते. तिथे मुलांचा हात धरा. कठडा नाही.

दुसरा माझा आवडता भाग किलक्रोहेनजवळचा. ड्रॉमनीला ओडेली घराण्याच्या काव्यशाळेचे अवशेष आहेत. अशा शाळांत विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत पडून मनातल्या मनात कविता रचायचे आणि दिवा आला की मगच उतरवायचे, असं सांगतात. शेजारच्या फॅरनामॅना तळ्यात स्पेनच्या राजाचे दोन मुलगे, इथे शिकायला आलेले, बुडाले अशी दंतकथा आहे. आज तिथे भिंतींचे तुकडे आणि गाईच आहेत. मी तिथे दोनदा नुसती बसून आले.

अहाकिस्ताजवळ एक दगडांचं वर्तुळ आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. नव्वदच्या दशकात याच वाटेसाठी झाडोरा साफ करताना ते पुन्हा उजेडात आलं. म्हणजे चालणाऱ्यांसाठी वाट केली म्हणून ते मिळालं! मला ही गोष्ट फार आवडते.

काय विचारायचं ते विचारा. जमेल तसं सांगेन.

---

रंकाळा_ते_डब्लिन :

सुंदर लिहिलंय ताई. वाचनखूण साठवली. आमच्याकडे गाडी नाही, बायकोचं लायसन्सही अजून झालेलं नाही. बसने जमेल का?

---

भोरवाली :

कॉर्कहून बँट्रीपर्यंत नक्की जमेल. २३६ नंबरची बस जाते, अंतर नव्वदेक किलोमीटर. बँट्रीच्या पुढे पश्चिमेला लोकल लिंकच्या (गावोगावच्या छोट्या बससेवेच्या) फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून आधी वेळापत्रक बघून परतीची गाडी पक्की करा आणि मगच निघा. टोकाला अडकलात तर पुढची सोय नाही.

माझं मत विचाराल तर गाडी नसताना दीपगृहाचा हट्ट धरू नका. बँट्रीत दोन रात्री राहा. मोठी वाट गावातूनच सुरू होते. पहिल्या दिवशी तिच्यावर दोन तास पुढे चालत जा आणि त्याच वाटेने परत या. लूप होणार नाही, पण चढ चढून मागे वळलात की सगळा उपसागर आणि व्हिडी बेट पायाशी असतं.

---

सह्यभटक्या :

लेख आवडला, पण एक मनापासून विचारतो. बाण बघत चालण्यात वाट शोधण्याचा आनंद जात नाही का? मी पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. ढोरवाटा, गुराख्याने सांगितलेली खूण, पुसट झालेली नळीची वाट, यातून डोंगर कळतो. आणि आपल्याकडे बाण म्हणजे कातळावर ऑइल पेंट. एका किल्ल्यावर तर बाणांबरोबर मंडळाचं नावही रंगवलेलं पाहिलं, तेव्हापासून बाण दिसला की मला त्रास होतो.

---

भोरवाली :

दादा, कातळावरच्या रंगाचं दुःख पूर्ण समजतं. भोरच्या बाजूच्या डोंगरातच वाढले मी.

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे खूण लाकडी खांबावर असते. खांब काढला की डोंगर होता तसा. दुसरी मोठी. आयर्लंडमध्ये डोंगरात कुठेही फिरण्याचा कायदेशीर हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये तो आहे, इथे नाही. या वाटांचा बहुतेक भाग कुणाच्या ना कुणाच्या कुरणातून, घराच्या मागून, मेंढ्यांच्या वाड्याजवळून जातो. शेतकऱ्यांनी होकार दिला म्हणून आपण तिथे पाऊल ठेवतो. २००८ पासून सरकारची एक योजना आहे, तिच्यात वाटेची देखभाल करणाऱ्या जमीनमालकांना मोबदला मिळतो. गवत कापणं, कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या दुरुस्त करणं, खांब सरळ करणं, हे काम तेच करतात. पण मोबदला आहे म्हणून परवानगी कायमची आहे असं नाही.

त्यामुळे इथे बाण फक्त रस्ता दाखवत नाही. "इथपर्यंत ये, माझी हरकत नाही" असं तो मालक सांगत असतो. मी बाण सोडून आडवाटेला गेले तर वाट शोधण्याचा आनंद माझा, आणि त्रास त्या माणसाचा.

आणि वाट शोधणं अगदीच जात नाही हो. गेल्या ऑक्टोबरमध्ये सीफिनच्या धारेवर ढग उतरला. वीस पावलांवरचं दिसेना. शेवटचा खांब आमच्याजवळ, पुढचा गायब. नवरा आणि लेक खांबाला हात लावून उभे राहिले, मी हाका ऐकू येतील इतक्याच अंतरावर जाऊन पुढचा शोधायचा, नाही मिळाला तर आवाजाच्या दिशेने परत यायचं. तीन दिशांना तीनदा करून बघितलं. नाही मिळाला. मग मागच्या खांबांच्या आधाराने उतरलो. त्या दिवशी लेकीने एकदाही कुरकुर केली नाही. खाली आल्यावर विचारलं, "आई, खांब हरवला होता की आपण?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

---

सह्यभटक्या :

"माझी हरकत नाही असं मालक सांगत असतो" हे लक्षात नव्हतं आलं. आमच्याकडेही कित्येक वाटा लोकांच्या शेताच्या बांधावरून जातात आणि आम्ही कधी विचारत नाही. हाका मारायची पद्धत बरोबर केलीत. शेवटची खात्रीची खूण सोडायची नाही, हा नियम सगळीकडे सारखाच.

---

लिमरिककर :

भोरवाली ताईंनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो.

कुत्रा नेऊ नका. शीप्स हेडच्या वाटांवर जमीनमालकांची कुत्र्यांना परवानगी नाही आणि फलकावर ते स्पष्ट असतं. पट्टा लावलेला असला तरी नाही. मेंढ्यांच्या पिल्लांच्या दिवसांत एक भुंकणारा कुत्रा काय करू शकतो हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

फाटक जसं मिळालं तसंच ठेवायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. मी सुरुवातीला चांगुलपणाने उघडी फाटकं लावत जायचो, एका आजोबांनी शांतपणे समजावलं की गुरांना पाण्याकडे जायचं होतं.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि पाणी आत न जाणारे. पीटची (कुजलेल्या वनस्पतींची, दलदलीची) जमीन वरून हिरवीगार गादी दिसते आणि पाय पोटरीपर्यंत जातो. जीन्स घालून कुणी येऊ नका, भिजली की वाळत नाही. गवतातून चालल्यावर घरी येऊन गुडघ्यामागे, कमरेला गोचीड बघा.

मेट एरनचा (इथल्या हवामान खात्याचा) इशारा नारिंगी असेल तर घरी बसा. पिवळा असला तरी मी कड्याचा लूप करत नाही. अडचणीत ११२, कड्यावर किंवा पाण्याजवळ असाल तर कोस्ट गार्ड मागायचं. टोकाकडे फोनला रेंज भरवशाची नसते, म्हणून कुठे चाललो आणि कधी परत येणार ते कुणाला तरी सांगून जा.

---

चोखंदळ_पक्षी :

लूपवर काळा कावळा दिसला आणि त्याची चोच आणि पाय लालभडक असतील तर थांबा. तो चफ. हवेत कोलांट्या मारत "चिआव" असं ओरडतो. याच जातीचे पक्षी मी स्पितीला १२,००० फुटांवर पाहिले होते. हिमालयातला उंच कडा आणि आयर्लंडचा समुद्रकडा दोन्हीकडे तो तेवढ्याच आनंदात राहतो. छोटं गवत त्याला लागतं, कारण तो जमिनीतले किडे टोचून खातो, आणि ते गवत छोटं ठेवायचं काम मेंढ्या-गुरं करतात. म्हणजे पुन्हा शेतकरीच.

टोकावरून समुद्राकडे दुर्बीण लावलीत तर गॅनेट दिसतील. पांढरे मोठे, पंखांची टोकं काळी. उंचावरून पंख मिटून बाणासारखे पाण्यात शिरतात.

---

अरुंधती_ठाणे :

माझा मुलगा कॉर्कला आहे, जूनमध्ये आम्ही दोघं जाणार. माझं वय ६८, उजव्या गुडघ्याची तक्रार आहे. हे वाचून फार इच्छा झाली. मला झेपेल असं काही आहे का, स्पष्ट सांगा. उगाच मुलाला त्रास नको.

---

भोरवाली :

काकू, स्पष्टच सांगते. दीपगृहाचा पूर्ण लूप करू नका. उतार गुडघ्याला जास्त त्रास देतो आणि दगड ओले असतात. पण टूरीनपासून लॉख अकीनच्या दिशेने जमेल तेवढं जाऊन मागे फिरलात तरी टोकाचा वारा आणि दोन्हीकडचं पाणी मिळेल. हातात काठी हवी, ट्रेकिंगच्या दोन असल्या तर उत्तम. पार्किंगजवळ चहा-केकची छोटी जागा आहे, काका तिथे बसून तुमची वाट बघू शकतात.

किलक्रोहेनच्या आसपास गल्लीवजा रस्ते आहेत, त्यांना इथे बोरीन म्हणतात, त्यांवरही सपाट चाल मिळते. दोन्ही बाजूंना फ्युशियाच्या झुडपांवर फुलांची लाल झुंबरं, मध्ये गवताची पट्टी. जूनमध्ये दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घाई नको. माझ्या सासूबाई ७१ व्या वर्षी असं चालल्या. आम्ही एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने गाडीपाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रदक्षिणाच झाली की!" त्यानंतर आमच्या घरात लूप हा शब्द कुणी वापरत नाही.

---

दिवेआगर_आमचं :

सासूबाईंचं खरं आहे! हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे आपला समुद्रकाठचा लूपच. देवळामागून डोंगरावर चढायचं, पायऱ्यांनी कातळावर उतरायचं, लाटांच्या कडेने वळसा घालून पुन्हा देवळापाशी. आणि भरती असेल तर जायचं नाही, हा नियम प्रत्येक पोराला माहीत. वेळ बघून निघायचं आणि निघालो तिथेच यायचं.

---

जुना_ट्रान्झिस्टर :

अहाकिस्ता हे नाव वाचून थांबलो. १९८५ च्या जूनमध्ये मी मुंबईत नोकरीला नवीन होतो. कनिष्क विमानाची बातमी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांनी मिळून रेडिओवर ऐकली. ते विमान शेवटी मुंबईलाच यायचं होतं. त्याचं स्मारक आयर्लंडच्या किनाऱ्यावर आहे असं ऐकून होतो. ते हेच का?

---

भोरवाली :

हो काका. हेच. मूळ लेखात लिहायचं टाळलं होतं, कारण चार ओळींत उरकण्यासारखं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान, नाव एम्परर कनिष्क. कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला निघालेलं. २३ जून १९८५ च्या सकाळी या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर सामानातल्या बॉम्बने ते फुटलं. ३२९ माणसं गेली. बहुतेक भारतीय वंशाचे कॅनडियन, सुट्टीला आजी-आजोबांकडे निघालेली कितीतरी मुलं. १३१ मृतदेह मिळाले, ते कॉर्कला आणले. नातेवाईक आले तेव्हा कॉर्कच्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं, रुग्णालयात त्यांच्याबरोबर थांबले. अनोळखी लोकांसाठी. पुढच्या वर्षी, पहिल्या स्मृतिदिनी, अहाकिस्ताला स्मारक झालं.

रस्त्याच्या कडेला, पाण्याला लागून छोटी बाग आहे. मध्ये दगडाची सूर्यघडी. भिंतीवर सगळ्यांची नावं. पहिल्यांदा आम्ही गेलो ते योगायोगाने, दगडांच्या वर्तुळाकडे जाताना. सासूबाई चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या. एकाच आडनावाची चार-चार, पाच-पाच नावं ओळीने येतात, तिथे त्या थांबायच्या आणि मग पुन्हा वाचायच्या. सगळी वाचली. पाऊण तास लागला असेल. लेक शेजारी उभी होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती हलली नाही. त्या दिवशी आम्ही लूप केला नाही.

दरवर्षी २३ जूनला सकाळी, विमान हरवलं त्या वेळेच्या सुमारास, तिथे लोक जमतात. कुटुंबं येतात, गावातले लोक येतात. दोन वर्षांपूर्वी मी गेले होते. गावातल्या एक आजी शेजारी उभ्या होत्या. मला विचारलं, "तुमचं कुणी होतं का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, माझंही नव्हतं. आणि त्यांनी माझा हात हातात घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

म्हणून मला वाटतं, भारतातून कुणी आलं तर त्यांना शीप्स हेडला आणावं. वाटा सुंदर आहेतच. पण या गावाने आपल्या माणसांची नावं इतकी वर्षं सांभाळलीत, तिथे जाऊन एकदा उभं राहावं.

---

जुना_ट्रान्झिस्टर :

धन्यवाद, पोरी. बायकोला वाचून दाखवलं.

---

रंकाळा_ते_डब्लिन :

ताई, यंदा २३ जूनच्या आदल्या दिवशी बँट्रीला येतो. पहाटे अहाकिस्तापर्यंत कुणाच्या गाडीत दोन जागा असतील का?

---

लिमरिककर :

मी २२ ला संध्याकाळी येतोय. दोन जागा आहेत, विपूत (विचारपुशीत) नंबर टाका. सकाळी सातला बँट्रीच्या चौकातून निघू. कार्यक्रमानंतर हवा चांगली असेल तर दीपगृहाचा लूप करू.

---

अरुंधती_ठाणे :

आमची तिकिटं १८ ची झाली. मुलाला हा धागा पाठवला, तो येतो म्हणाला. मी इथून फुलं आणू शकत नाही ना विमानातून?

---

भोरवाली :

फुलं नका आणू काकू, कस्टमला अडचण येईल. बँट्रीत मिळतात. मी आदल्या दिवशी घेऊन ठेवते, तुमचीही घेते. आणि सगळ्यांसाठी : टूरीनचं पार्किंग छोटं आहे. कार्यक्रमानंतर थेट तिकडेच निघा, दुपारी जागा मिळत नाही. रेनकोट कितीही ऊन असलं तरी पिशवीत हवा.